माशांमधला दादा कसा ओळखायचा? रंग, पट्टे आणि पर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बैठकीच्या खोलीत चार फुटी टँक आहे. आलेला पाहुणा चहा येईपर्यंत त्यात बघत बसतो आणि चहा संपेपर्यंत ठरलेले प्रश्न विचारतो. हा एकटाच सगळ्यांच्या मागे का लागलाय? तो कोपऱ्यातला आजारी आहे का? मागच्या वेळी हा पिवळाधमक होता, आज मळकट का दिसतोय? उत्तरं शोधता शोधता माझं वाचन वाढत गेलं आणि ती देता देता पाहुण्यांचा चहा गार होत गेला. म्हणून माशांचा समाज आणि त्यांचे एकमेकांना दिलेले इशारे यांवर एकदाच सगळं लिहून काढलं. आता विचारणाऱ्याला लिंक पाठवतो.

मत्स्यन्याय म्हणजे मोठ्याने लहानाला गिळायचं. त्यात 'समाज' आणि 'इशारे' कुठून आले?

मत्स्यन्याय हा शब्द राजनीतीवाल्यांनी माणसांसाठी वापरला. दंड धरणारा राजा नसेल तर बलवान दुबळ्याला गिळतो, असं कौटिल्य सांगतो. यात माशांची फुकट बदनामी झाली. एका जातीचे मासे एकमेकांशी भांडतात ते बहुतेक वेळा जागेवरून, मादीवरून किंवा खाण्यावरून, आणि तेही रोज नव्याने नाही. एकदा कोण वरचढ ते ठरलं की उतरंड लागते आणि बरेच दिवस टिकते. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला चोच मारतं याची अशी उतरंड नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्ब यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. माशांचं गणितही त्याच जातीचं आहे.

खऱ्या मारामारीत जिंकणाऱ्याचेही खवले निघतात, पर फाटतात आणि जखमेवर बुरशी धरते. त्यामुळे हात न उचलता काम होत असेल तर दोघांचाही फायदा. गावात पैलवान नुसता पारावर येऊन बसला तरी पोरं आवाज खाली घेतात, तसंच हे. पाण्यात त्या पैलवानाचं पारावर बसणं म्हणजे रंग, पट्टे, ताणलेले पर आणि उभं राहण्याची ढब.

मग टँकमधला दादा ओळखायचा कसा?

रंगाकडे नंतर बघा. आधी दहा मिनिटं स्वस्थ बसून कोण कुणाला वाट देतं तेवढंच बघा. दादा सरळ रेषेत पोहतो, बाकीचे त्याला वळसा घालतात. खाणं टाकलं की तो आधी येतो, किंवा येण्याची घाई करत नाही आणि तरी त्याला मिळतं. टँकमधली सगळ्यात चांगली गुहा त्याची असते.

हे कळलं की मग रंग वाचता येतो. माझ्याकडे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले यलो लॅब आहेत. लिंबासारखा पिवळा मासा, पाठीवरच्या पराला काळी किनार. दादा नराचे पोटाकडचे आणि शेपटीजवळचे खालचे पर डांबरासारखे काळे दिसतात. हाताखालच्या नरांचे तेच पर फिकट असतात आणि अंगाचा पिवळाही मळलेल्या धोतरासारखा. दुसऱ्या नराशी गाठ पडली की दादा आडवा उभा राहतो, सगळे पर ताणतो आणि अंगाला हलका झटका देतो. समोरच्याने पर मिटले, अंग तिरकं केलं आणि तो सरकला की विषय संपला. शेपूट घालणं हा वाक्प्रचार आपण कुत्र्यावरून घेतला असला तरी हे बघताना तोच आठवतो.

एक सावधगिरी. दिवा लावल्या लावल्या कोणताही निष्कर्ष काढू नका. बरेच मासे रात्री फिके पडतात आणि सकाळी रंगात यायला वेळ घेतात. तळाशी पांढरी वाळू असेल तर फिके, काळी असेल तर गडद, असेही कित्येक मासे स्वतःला जुळवून घेतात. आजारी मासाही काळवंडतो. म्हणून नुसत्या रंगावरून कुणाला दादा ठरवायचं नाही आणि कुणाला पेशंटही नाही.

रंग इतक्या पटकन बदलतो कसा? सरडा आहे का तो?

तत्त्व साधारण तेच. माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. काळ्या रंगाच्या पेशीत मेलॅनिनचे बारीक कण असतात. ते पेशीभर पसरले की तेवढी जागा काळी दिसते, मध्यभागी गोळा झाले की फिकी. नव्याने रंग तयार करावा लागत नाही, फक्त आहे तो पसरायचा किंवा आवरायचा. छत्री उघडावी-मिटावी तसं. पिवळ्या आणि लाल रंगाच्या पेशी वेगळ्या असतात आणि चमचमणाऱ्या निळ्या-चंदेरी रंगामागे प्रकाश परतवणाऱ्या स्फटिकांच्या पेशी असतात.

हे पसरणं-आवरणं दोन वाटांनी चालतं. मज्जातंतूंची वाट झटपट, संप्रेरकांची सावकाश. काही माशांच्या डोळ्यावरचा काळा पट्टा क्षणात येतो-जातो तो पहिल्या वाटेने. अंगाचा एकूण रंग दिवसेंदिवस खुलत जातो त्यात दुसरीचा हात मोठा. एकाच माशाच्या अंगावर त्यामुळे दोन बातम्या लिहिलेल्या असतात: महिन्याभराची परिस्थिती आणि या घडीचा मूड.

यातलं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण कोणतं?

बर्टनी. पूर्ण नाव अस्टॅटोटिलापिया बर्टनी, सिक्लिड कुळातला, बोटभर लांबीचा, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या काठालगतच्या उथळ पाण्यातला मासा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी आयुष्यातली कित्येक दशकं या एका माशामागे घालवली. मी यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाकीची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

बर्टनीच्या नरांत दोन वर्ग. थोडे नर हद्द राखून असतात. ते निळे किंवा पिवळे झळझळीत, डोळ्यापासून जबड्याकडे उतरणारा काळा पट्टा आणि छातीच्या पराच्या वरच्या बाजूला नारिंगी डाग. बाकीचे बहुसंख्य नर राखाडी, पट्टा नाही, लांबून मादीच वाटावी असे. ते कळपात फिरतात, दादाने हाकललं की पोबारा करतात. झळझळीत असणं फुकट मिळत नाही. पक्ष्यालाही तोच नर आधी दिसतो, आणि दिवसभर हद्दीवर गस्त घालण्यात खायला वेळ पुरत नाही.

मजा अशी की हे वर्ग जन्माचे नाहीत. आजचा राखाडी उद्या निळा होऊ शकतो आणि आजचा निळा परवा राखाडी. फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेतला २००५ चा एक प्रयोग मला फार आवडतो. टँकमध्ये एक दादा, त्याच्या हाताखाली एक दबलेला नर आणि काही माद्या. पहाटे दिवे लागायच्या आधी, मिट्ट काळोखात, अंधारात दिसणारे चष्मे घालून संशोधकांनी दादाला गुपचूप उचललं. दिवे लागले. दबलेल्या नराने इकडेतिकडे पाहिलं असेल, साहेब दिसेनात. काही मिनिटांत त्याच्या डोळ्यावर काळा पट्टा चढला, अंगावर रंग आला आणि तो माद्यांच्या मागे व इतरांच्या अंगावर धावू लागला. त्याच्या मेंदूत, प्रजननाचं संप्रेरक सोडणाऱ्या भागात, एक जनुकही त्याच सुमाराला कामाला लागलं होतं. पुढच्या काळात त्या पेशी आकाराने वाढतात आणि वृषणंही भरतात. म्हणजे आधी पाटी बदलली, मग खुर्ची मिळाली, आणि शरीर त्यामागून आलं. पदावरून उतरल्यावर रंग पटकन जातो, आतला बदल मात्र रेंगाळतो. आपल्याकडच्या माजी लोकप्रतिनिधींची आठवण आली तर तो दोष माझा नाही.

डोळ्यावरच्या पट्ट्याचं वजन किती, हेही तपासलं गेलं आहे. १९६९ मध्ये छापलेल्या प्रयोगांत नरापुढे बनावट मासे धरले. काळा पट्टा रंगवलेला बनावट मासा पाहिल्यावर नराची चावे घेण्याची वृत्ती वाढली, नारिंगी डागाचा मासा पाहिल्यावर उतरली. एकाच माशाच्या अंगावर एक खूण चेतवणारी, दुसरी शांतवणारी. आणि धावून जाणं राहूच द्या, नुसतं दिसणंही पुरतं. पारदर्शक काचेपलीकडे मोठा दादा ठेवला तर अलीकडचा लहान नर, त्याला कोणी हातही लावू शकत नसताना, दबून राहतो. मात्र काही दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की हा नुसताच दिसतो, येत नाही. मग दरारा ओसरतो.

मासा दुसऱ्यांची भांडणं नुसती बघून काही शिकतो का?

शिकतो, आणि बऱ्यापैकी डोकं चालवतो. २००७ मध्ये बर्टनीवरच हा प्रयोग झाला. बघ्या नर मध्ये, आजूबाजूच्या कप्प्यांत पाच प्रतिस्पर्धी. सोयीसाठी त्यांना अ, ब, क, ड, इ म्हणू. बघ्याला दाखवलं की अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने ड ला, ड ने इ ला. ब आणि ड यांची लढत त्याने कधीच पाहिलेली नाही. शिवाय दोघेही एकदा जिंकलेले, एकदा हरलेले, त्यामुळे नुसती हार-जीत मोजून काही कळणार नाही. मग त्याच्या एका बाजूला ब आणि दुसऱ्या बाजूला ड ठेवला. बघ्या ड कडे सरकला.

असा नर दुबळ्याच्या जवळ राहणं पसंत करतो, कारण तिथे धोका कमी. म्हणजे ब हा क पेक्षा मोठा आणि क हा ड पेक्षा, म्हणून ब हा ड पेक्षा मोठा, हे त्याने मनात जुळवलं. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये यासाठी फी घेतात.

काळा पडलेला मासा दादा समजायचा की हरलेला?

जात बघून. इथे फसायला होतं.

मोझांबिक तिलापियाचा दादा नर विणीच्या काळात काळाकुट्ट होतो, गळा पांढुरका आणि परांच्या कडा लालसर. तिथे काळा म्हणजे मालक. अटलांटिक सालमनच्या पिल्लांत याच्या अगदी उलट. नदीच्या प्रवाहात जागेवरून दोघांची जुंपते. हरणाऱ्याचं अंग काळवंडतं, डोळ्याचा पांढरा भागसुद्धा काळा होतो, आणि मग त्याच्यावरचे हल्ले कमी होतात. 'झालं, मानलं तुला' असं सांगायची ही रीत. नाइल तिलापियातही दबलेल्या माशाचे डोळे गडद होतात. एकाच गोतावळ्यातले हे दोन तिलापिया: एकाचं काळं अंग म्हणजे मिशीला पीळ, दुसऱ्याचे काळे डोळे म्हणजे नांगी टाकणं.

माझा स्वतःचा कल असा: माशाच्या अंगावर रंग कोणता आहे यापेक्षा तो रंग कधी आणि कुणासमोर बदलला हे बघावं.

तिलापिया म्हणजे आपली चिलापीच ना?

हो. उजनीच्या पाण्यातली, सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर तळून मिळणारी चिलापी. ती मूळची आफ्रिकेची. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि मग ज्या पाण्यात शिरला तिथलाच होऊन बसला. आपल्या पाण्यातले मूळचे सिक्लिड तीनच. त्यांतला मोठा म्हणजे गोव्यात काळुंदर आणि केरळात करीमीन म्हणतात तो.

बाजारात मेलेल्या चिलापीचा रंग बघून काही कळत नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि काठाशी नितळ असलं तर तळाच्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतात. प्रत्येक खळगा एका नराचा. तोंडाने चिखल उचलून बाहेर टाकत तो खणतो. खळग्यावर काळा नर, आणि मधल्या जागेतून राखाडी-चंदेरी गर्दी ये-जा करते. शेजारी-शेजारी खळगे असलेले दोन काळे नर हद्दीच्या रेषेवर तोंडाला तोंड लावून थांबतात, पुढे कोणी जात नाही. बांधावरची भांडणं पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही वाटू नये.

या माशाचं एक आणखी: तो फक्त दिसण्यावर विसंबत नाही. दादा नर लघवी साठवून ठेवतो आणि भांडताना नेमकी सोडतो. तिच्या वासातून समोरच्याला त्याची पत कळते. हे लिहायचं की नाही असा विचार केला, पण खरं आहे ते आहे.

फायटर मासा आरशासमोर फुगतो, त्याचं काय?

फायटर, म्हणजे बेटा, मूळचा थायलंडचा. तिकडे त्याचं नाव 'पला कट', चावरा मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. त्याचा मुख्य इशारा रंगाचा नव्हे, कल्ल्यांच्या झाकणांचा. ती तो दारासारखी बाहेर उघडतो, खालची गडद झालर दिसते आणि समोरून डोकं दुप्पट वाटतं. मग आडवा होऊन पर पसरतो. मग पुन्हा समोरून.

आता यातली गोम बघा. झाकणं ताणून धरली की कल्ल्यांवरून पाणी नीट खेळत नाही, म्हणजे फुगणं हे श्वास रोखून छाती काढण्यासारखं आहे. पाण्यात प्राणवायू कमी केला तर हे मासे कमी फुगतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. ज्याचा दम खरा तोच जास्त वेळ झाकणं उघडी ठेवणार. थाप मारायला जागा फारशी उरत नाही.

आरशात दिसणारा प्रतिस्पर्धी मात्र कधीच पड खात नाही. तुम्ही फुगलात की तोही फुगतो, तुम्ही थांबेपर्यंत थांबत नाही. खऱ्या भांडणाला शेवट असतो, याला नाही. म्हणून 'बघा कसा चिडतो' म्हणून पाहुण्यांसमोर तासन् तास आरसा धरू नका. मुलांनी हौसेने मिनिटभर दाखवला तर ठीक. आणि दोन नर एका भांड्यात टाकून झुंज बघायची टूम असेल तर करमणुकीसाठी प्राण्यांना लढवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, मासा लहान असला तरी.

फायटरसुद्धा बघ्या असतो. शेजारच्या दोघांची झुंज काचेतून पाहिलेला नर नंतर हरलेल्यासमोर पटकन जातो आणि जिंकलेल्यासमोर जायला वेळ लावतो. ज्यांची झुंज त्याने पाहिलीच नाही, त्यांच्या बाबतीत असा फरक तो करत नाही.

लाल रंग पाहून मासा चिडतो हे खरं का?

अर्धं खरं. काटेरी पाठीचा स्टिकलबॅक हा युरोपातला छोटा मासा. विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं. नेदरलँड्समधल्या लायडनला निको टिनबर्गन यांनी दाखवलं की माशासारखा अजिबात न दिसणारा, पण खालून लाल रंगवलेला लाकडी तुकडासुद्धा नराला चेतवतो. खिडकीबाहेरून टपाल खात्याची लाल गाडी गेली की टँकमधले नर त्या बाजूला धावायचे, ही त्यांनी सांगितलेली गोष्ट मग जगभर झाली. त्यांना १९७३ मध्ये नोबेल विभागून मिळालं. पुढे इतरांनी लाल नमुन्यांचे प्रयोग पुन्हा केले तेव्हा निकाल दर वेळी तसेच आले नाहीत. म्हणजे लाल हे बटण नाही की दाबलं आणि मासा पेटला. तो लाल कुठे, कुणाच्या हद्दीत आणि कोणत्या ढबीत दिसतोय, यावर बरंच ठरतं.

दादा नेहमी नरच असतो का?

मुळीच नाही. क्लाउनफिशच्या घरात, म्हणजे एका समुद्रफुलात (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात), सगळ्यात मोठी ती मादी आणि तीच मालकीण. तिच्या खालोखाल तिचा नर आणि मग लहान-लहान बिनलग्नाचे. त्यांची उतरंड रंगात नाही, मापात दिसते. पापुआ न्यू गिनीत केलेल्या अभ्यासात आढळलं की प्रत्येक मासा त्याच्या वरच्यापेक्षा ठरावीक अंतराने लहान राहतो, साधारण ८० टक्के. खालचे स्वतःची वाढ आवरून धरतात, कारण वरच्याच्या मापाजवळ गेलं की घराबाहेर. पंगतीत थोरल्याच्या आधी ताटाला हात न लावणाऱ्या धाकट्याची शिस्त, ती इथे हाडापर्यंत गेली आहे. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि सगळे एकेक पायरी वर सरकतात.

यांचे पांढरे पट्टे कशाला, यावर २०२४ मध्ये जपानमधल्या ओकिनावातून एक गंमतशीर अभ्यास आला. तीन पट्ट्यांच्या क्लाउनफिशची पिल्लं इतर कोणतीही जात न बघता वाढवली. मग त्यांना नारिंगी तुकडे दाखवले: बिनपट्ट्याचे, एका, दोन आणि तीन पट्ट्यांचे. तीन आणि दोन पट्ट्यांच्या तुकड्यांवर त्यांनी जास्त हल्ले केले. आपल्यासारखा दिसणारा तोच घरात वाटा मागायला येणार, हे त्यांना बरोबर कळतं. भाऊबंदकी म्हणा हवं तर.

इतर माशांच्या अंगाची साफसफाई करणाऱ्या क्लीनर रास माशांमध्ये एक नर आणि त्याच्या हाताखाली माद्यांची उतरंड. नर गेला की सगळ्यात वरची मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि थोड्या आठवड्यांत खरोखर नर होते. वागणं आधी, शरीर मागून, हे इथेही आलं.

मासे एकमेकांचे चेहरे ओळखतात का?

काही जाती ओळखतात. टांगानिकातलाच निओलॅम्प्रोलोगस पुल्चर हा कुटुंबकबिल्याने राहणारा मासा. त्याच्या डोळ्यामागे गालावर बारीक पट्टे आणि डाग असतात, प्रत्येकाचे थोडे वेगळे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी संगणकावर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या अंगाला जोडून दाखवला. ओळखीच्या शेजाऱ्याचा चेहरा दिसला की अंग कुणाचंही असो, मासा निर्धास्त, आणि परका चेहरा दिसला की सावध. दादा कोण हे रोज नव्याने ठरवावं लागत नाही त्याचं एक कारण हे आहे. 'हा तोच, काल मला हाकललेला' एवढं आठवलं की पुढचं भांडण टळतं.

आपल्याला न दिसणारेही चेहरे आहेत. प्रवाळातला अँबॉन डॅमसेल आपल्या डोळ्यांना साधा पिवळा मासा. त्याच्या तोंडावर अतिनील प्रकाशात बारीक नक्षी दिसते. अतिनील किरण अडवणारी काच मध्ये धरली की घुसखोर ओळखण्यात आणि त्याच्यावर धावून जाण्यात फरक पडतो. त्यांना खाणाऱ्या बऱ्याच मोठ्या माशांना तो प्रकाश दिसत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला कळतं आणि शत्रूला कळत नाही.

पाणी गढूळ असेल तर या रंगांचं काय होतं?

रंग वाचता येत नाहीत, मग त्यांवर चालणारा सगळा व्यवहार ढिला पडतो. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात शेतीचा गाळ आणि सांडपाणी येऊन पाणी धूसर झालं. तिथल्या सिक्लिडमध्ये लाल आणि निळ्या नरांच्या जवळच्या जाती आहेत. गढूळ भागात रंग फिके झाले, जाती एकमेकींत मिसळू लागल्या, असं १९९७ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं होतं.

फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरचं टेंगूळ हेही दादागिरीचं लक्षण का?

फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून बनवलेला मासा. मोठं टेंगूळ निवडून निवडून वाढवलेलं आहे, त्यावरून त्याचा स्वभाव नव्हे, फार तर किंमत कळते. मध्य अमेरिकेतल्या मिडास सिक्लिडसारख्या खऱ्या जातींत मात्र विणीच्या काळात नराचं कपाळ फुगतं. हा मासा पाळला की नशीब उजळतं म्हणतात, त्याबद्दल दुकानदाराला विचारा.

हे सगळं बघायला टँकच हवा का? बाहेर कुठे दिसेल?

निवट्या बघा, म्हणजे खाडीच्या चिखलावर सरपटणारे मासे. ठाण्याच्या किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीवर ओहोटीच्या वेळी जा, चिखलावर ऊन पडलेलं असावं. आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की चिखलाचाच एक तुकडा उडी मारतो. बेडकासारखे वर आलेले डोळे, चिखलाच्याच रंगाचं अंग. पाच मिनिटं हलू नका. एका निवटीच्या बिळाजवळून दुसरी सरपटत गेली की पहिलीच्या पाठीवरचा पर गलबताच्या शिडासारखा खटकन उभा राहतो. सपाट करड्या चिखलावर ते शीड लांबूनही दिसतं. दुसरीने शीड उभं केलं नाही, तर ती निघून जाते. केलं, तर दोघी तोंडं वासून समोरासमोर येतात, एखादी ढकलाढकली होते आणि एक जण पाणी साचलेल्या खळग्याकडे पळते. भरती येईपर्यंत हे चालतं. कोळणीच्या पाटीत निवट्या पाहिल्या असतील, पण तिथे शीड मिटलेलं असतं.

टँकमध्ये दादागिरी फार वाढलीय. काय करू?

आधी दगड-कुंड्या अशा मांडा की टँकच्या एका टोकाहून दुसरं टोक सरळ दिसणार नाही. दिसलं नाही की धाक पोचत नाही. गुहा माशांपेक्षा जास्त ठेवा. नवीन मासा सोडताना सगळी मांडणी बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दीही मोडतात आणि सगळे एका रेषेवरून सुरुवात करतात. खाणं एकाच कोपऱ्यात टाकू नका, नाहीतर एकच जण तिथे उभा राहून वसुली करतो. दबलेला मासा खात नसेल, परांच्या चिंध्या झाल्या असतील किंवा तो वर पाण्याच्या पृष्ठभागाशी, फिल्टरमागे कायम लपून असेल तर वाट बघू नका, वेगळा काढा.

दादालाच काढून टाकला तर शांतता होईल?

मीही हेच केलं होतं. सगळ्यांना पळवून पळवून हैराण करणारा मोठा यलो लॅब एका रविवारी संध्याकाळी मित्राकडे देऊन टाकला. रात्री टँक इतका शांत होता की आईसुद्धा म्हणाली, आता बरं वाटतंय बघायला. सोमवारी सकाळी दिवा लावून मी चहा ठेवायला गेलो. परत आलो तेव्हा फिल्टरमागे वर्षभर दडून बसलेला, ज्याला आम्ही मादीच समजत होतो तो, मोठ्या गुहेच्या तोंडाशी आडवा उभा होता. पोटाखालचे पर काळे होत होते आणि बाकीचे सगळे पलीकडच्या कोपऱ्यात होते.